पिंजऱ्यातलं सलगम

१

ऑर्व्हिल टोलेफसनचं सलगम मेल्याचं मला कळलं तेव्हा सकाळचे सव्वासात वाजले होते आणि माझ्या पोटात अजून कॉफीचा थेंबही गेलेला नव्हता. दुकानाचं दार ढकलून तो स्वतःच आत आला. एका हाताने प्राणवायूच्या नळकांड्याची ढकलगाडी ओढत होता, दुसऱ्या हातात मुळासकट उपटलेलं एक सलगम होतं. ते त्याने माझ्या काउंटरवर ठेवलं. पानं पिवळी पडली होती आणि देठ पिळलेल्या फडक्यासारखे वेडेवाकडे झाले होते.

"तीन एकर, आर्लिस," तो म्हणाला. "सगळंच्या सगळं."

बियाण्यांच्या या दुकानात मी सव्वीस वर्षं उभी आहे. आमच्या टेकड्यांमध्ये कोण काय पेरतो आणि कोण काय मारतो, हे चर्चच्या पाद्र्यापेक्षा मला जास्त ठाऊक. विस्कॉन्सिनच्या या कोपऱ्यात निम्मे लोक पोटासाठी पेरतात आणि निम्मे हरणांसाठी. नोव्हेंबरात बंदुकीने हरणं मारायला नऊच दिवस मोकळे असतात; त्यांच्यासाठी लोक ऑगस्टपासून क्लोव्हर या तिपानी चाऱ्याची आणि सलगमाची मशागत करतात, आणि घरच्या टोमॅटोंना मात्र पाणी घालायला विसरतात. सलगम थंडीने गोड होतं. पहिलं कडक दहिवर पडलं की हरणं त्याच्यावर तुटून पडतात.

ऑर्व्हिलचा मळा नुसत्या हौसेचा नव्हता. त्याची फुप्फुसं गेली होती. जेमतेम साठ पावलं चालायचा, म्हणून रस्त्याच्या वळणावरच मळा केला होता आणि त्याच्या काठाला त्याच्यासाठी लाकडी लपण बांधली होती, आत एक खुर्ची. त्याचा मुलगा कर्टिस त्याला शहरात न्यायला टपलेला होता. दोघांचा तह असा झाला होता की बंदुकीचे नऊ दिवस बापाने टेकडीवर काढायचे, नंतर निमूटपणे गाडीत बसायचं. शहाहत्तर वर्षांच्या माणसाचा हा शेवटचा मोसम होता. आणि आता कर्टिस फोनवर म्हणत होता की मळाच उरला नाही, तर थांबायचं कशाला, येत्या आठवड्यातच चला.

सलगम मेलं म्हणून शेरीफ काही येत नाही. म्हणून ऑर्व्हिल माझ्याकडे आला होता.

"शेजारच्या ड्वेननेच केलंय," तो म्हणाला. "रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर त्याचं नाव घेणार आहे मी. त्याआधी तुला दुसरं कोणी सापडलं तर सांग."

त्या दिवशी गुरुवार होता.

२

दुपारी मी नवऱ्याला, लाइलला, घेऊन मळ्यावर गेले. लाइल आणि ऑर्व्हिल चाळीस वर्षांचे जोडीदार. ऑर्व्हिलचे हात थरथरायला लागल्यापासून, म्हणजे गेली पाच वर्षं, मळ्याची नांगरट, पेरणी, खत, फवारणी सगळं लाइलच करत आला होता. स्वतःच्या हाताने पेरलेलं मेलेलं बघून त्याचा चेहरा उतरला होता. निदान मला तसं वाटलं.

"बघ," तो म्हणाला. "एक पान सोडलं नाही हलकटाने."

पण सोडलं होतं. पिवळ्या सलगमातून आणि करपलेल्या क्लोव्हरमधून रायचे कोंब हिरवेगार वर आले होते. राय म्हणजे गव्हाच्या कुळातलं, गवतासारखं अरुंद पानाचं पीक. ऑगस्टअखेरीला त्याचं बी सलगमातच विस्कटून पेरतात. मी वाकून एक पात तोडली, दोन बोटांत फिरवली. तिला काहीही झालेलं नव्हतं.

रुंद पानाचं मेलं आणि अरुंद पानाचं वाचलं, म्हणजे फवारा कुठला ते मला तिथेच कळलं. घरापुढच्या हिरवळीतली पिवळी फुलं मारायला किंवा कुरणातले काटे मारायला लोक जे नेतात, ते. सरसकट सगळं जाळणारं तणनाशक हे नव्हेच. त्यामुळे टेकडीपलीकडचा ट्रेंट तिथल्या तिथे सुटला. तो इलिनॉयच्या शिकाऱ्यांना जमीन भाड्याने देतो, ऑर्व्हिलच्या मळ्यावर त्याचा दात होता, पण वसंतात त्याने माझ्याकडून नेलं होतं ते सरसकट जाळणारं. त्याने रायलाही सोडलं नसतं.

मळ्याच्या मधोमध तारेच्या जाळीचा पिंजरा उभा होता. ही आमच्याकडची रीत. कमरेएवढी गोल जाळी खुंट्या मारून रोवायची. आतलं हरणाला खाता येत नाही, त्यामुळे आतलं आणि बाहेरचं ताडून पाहिलं की हरणांनी किती खाल्लं ते समजतं. पिंजरा आपल्या जागी ताठ उभा होता, चारही खुंट्या घट्ट. आतलं सलगमही बाहेरच्यासारखंच मेलेलं. मी ते पाहिलं आणि पुढे गेले. माझ्याएवढी मूर्ख बाई त्या दिवशी अख्ख्या परगण्यात नव्हती.

फवारा कधी मारला असेल हेही कळत होतं. देठ इतके पिळायला आठवडा लागतो. मागच्या मंगळवारी आणि बुधवारी ऑर्व्हिल तपासण्यांसाठी ला क्रॉसच्या इस्पितळात होता आणि हे चर्चमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. मळ्यावर खांबाला हरणांचे फोटो काढणारा कॅमेरा असतो. त्याचं काय, असं मी विचारलं, तर लाइल म्हणाला, त्याची बॅटरी संपली होती. म्हणजे आता माणसांनाच विचारणं आलं.

३

ड्वेन केसेनिख गोठ्यात होता. साठ गाई, आणि दूध सेंद्रिय. ऑर्व्हिलशी त्याचं कुंपणावरून वीस वर्षं वाकडं. मी काय विचारायला आलेय ते त्याला माझ्या तोंडावरूनच कळलं असावं.

तो हसला नाही, चिडलाही नाही. मला हाताला धरून कुंपणापर्यंत घेऊन गेला आणि पलीकडचा मळा दाखवला. तिथून माझं कुरण तीस पावलांवर, असं म्हणाला. त्या फवाऱ्याचा एक थेंब वाऱ्याने इकडे आला असता तर सेंद्रियचा दाखला तीन वर्षांसाठी गेला असता, आणि साध्या दुधावर साठ गाई पोसता येत नाहीत. आपलं घर पेटवून शेजाऱ्याला धूर देण्याइतका मी बावळट दिसतो का, असं त्याने मलाच विचारलं.

नव्हता दिसत. शिवाय त्याच्या शेडमध्ये फवारणीचा पंपच नव्हता, तो त्याने दहा वर्षांपूर्वी विकला होता. विकत घेणाऱ्याने त्याची नवी नळी माझ्याच दुकानातून नेली होती, त्यामुळे ते मला पक्कं ठाऊक.

निघताना त्याने मागून हाक मारली. "आर्लिस, त्या म्हाताऱ्याला एक सांग. मागच्या मंगळवारी दुपारी त्याच्या आवारात निळा पिकअप उभा होता. तासभर. तो कोणाचा ते त्याला विचार."

मला विचारायची गरज नव्हती. निळा पिकअप कर्टिसचा होता.

४

शुक्रवारी मी ला क्रॉसला कर्टिसच्या घरी गेले. त्याला मी तो दुपट्यात असल्यापासून ओळखते. अजूनही मला मिसेस ब्रेके म्हणतो. त्याच्या गॅरेजचं दार उघडंच होतं, आणि फळीवर हिरवळीच्या तणनाशकाचा डबा होता. रुंद पानं मारणारं. अर्धा रिकामा.

डब्याकडे बघत मी विचारलं, मंगळवारी बापाला इस्पितळात ठेवून तू टेकडीवर काय करत होतास. तो लाल झाला. घराची मापं घेत होतो, म्हणाला. बापाचं कुठलं सामान नव्या जागेत बसेल ते बघायला. बापाला सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. बोलता बोलता त्याने मला कॉफी ओतून दिली. बापाने टेकडीवरून उतरावं असं त्याला मनापासून वाटत होतं आणि ते तो लपवतही नव्हता. मागच्या हिवाळ्यात ऑर्व्हिल अंगणात पडला होता आणि दोन तास तसाच पडून होता, तेव्हापासून पोराला झोप नाही.

मी जरा कठोर होऊन म्हटलं की डबा तुझ्याकडे, वेळ तुझ्याकडे, कारण तुझ्याकडे.

"मिसेस ब्रेके, मला त्यातलं काही येत असतं तर," तो म्हणाला. "मी लहानपणी एकदा बाबांच्या त्या तारेच्या पिंजऱ्यात चाक अडकवलं होतं, महिनाभर बोलणी खाल्ली. मी फवारायला गेलो असतो तर त्या पिंजऱ्याच्या दहा फूट लांबून वळसा घातला असता."

मी कप खाली ठेवला. कर्टिस विचारत राहिला, काय झालं, बरं नाही का वाटत. मी त्याला काहीतरी सांगितलं आणि गाडीत जाऊन बसले. 

कारण कोणीही वळसाच घातला असता. गाडीमागच्या फवाऱ्याचा आडवा दांडा गुडघ्याएवढ्या उंचीवर असतो, त्याच्या वाटेत पिंजरा आला की माणूस वळतो, आणि पिंजऱ्यातलं सलगम हिरवं राहतं, सभोवती हिरवं कडं राहतं. वैऱ्याने तर तो पिंजरा चाकाखालीच घेतला असता. पण इथे आतलंही सगळं मेलेलं होतं आणि पिंजरा आपल्या जागी, चारही खुंट्या घट्ट. म्हणजे कोणीतरी गाडीवरून उतरला, खुंट्या उपटल्या, पिंजरा बाजूला ठेवला, तिथे फवारलं, आणि परत येऊन पिंजरा नेमका त्याच गोल खुणेवर रोवला. जागा बोटभर सरकली तर मोजणी बिघडते ना, म्हणून.

मळ्याचा नाश करायला आलेल्या माणसाला मोजणीची काय पडलीय? त्याला पडलेली नव्हतीच. त्याच्या हातांना सवय होती. पाच वर्षं प्रत्येक खताला आणि प्रत्येक फवाऱ्याला त्याने पिंजरा असाच उचलून असाच ठेवला होता.

५

लाइल स्वयंपाकघरात हरणाचं सॉसेज कापत बसला होता. मी कोटही न काढता समोर बसले आणि पिंजऱ्याचं सांगितलं. एवढंच सांगितलं, आणखी काही नाही.

 तो सुरी खाली ठेवून हळू आवाजात म्हणाला की हो, मंगळवारी मी फवारलं, पण चूक झाली. क्लोव्हरमध्ये गवत माजलं होतं, गवत मारायचं औषध भरलं होतं. टाकीत जुलैमधल्या काट्यांच्या औषधाचा गाळ राहिला असणार, मी नीट धुतली नाही. लाज वाटली म्हणून बोललो नाही.

खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं झालं. न धुतलेल्या टाकीने मळे मेल्याच्या कहाण्या दर वर्षी माझ्या काउंटरवर येतात. माणसं रडतात, मी त्यांना कॉफी देते. माझा नवराही त्यातलाच एक असता तर मी त्याचा हात धरून त्याला ऑर्व्हिलकडे नेलं असतं. मी उठून कोट काढायलासुद्धा लागले होते.

आणि मग मला बोटांत फिरवलेली ती रायची पात आठवली.

"लाइल," मी म्हटलं, "गवत मारायचं औषध टाकीत असतं तर राय मेली असती. राय गवतच आहे. राय हिरवी आहे, लाइल."

त्याने वर पाहिलं नाही. मी बोलत गेले, कारण थांबले असते तर रडले असते. राय विस्कटल्यावर त्या मळ्यात गवताचं औषध कोणी मारतच नाही, हे तुला माहीत आहे, कारण राय तूच विस्कटलीस. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या सप्टेंबरात मीच दुकानातून आणून तुझ्या हातात दिल्या होत्या, त्या वर्षभर जातात. टाकीत एकच औषध होतं. कुठलं घ्यायचं, सलगमावर ते काय करतं आणि किती दिवसांत करतं, हे तुला याच टेबलावर जेवता जेवता मी सांगितलेलं आहे. माझंच ज्ञान तुझ्याच मित्राच्या मळ्यावर ओतलंस.

"मित्र," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "चाळीस वर्षं, आर्लिस. चाळीस वर्षं तो बसतो आणि मी हाका घालतो. काट्यांतून, बर्फातून, ओढ्यातून मी हरणं उठवत जायचं आणि त्याने खुर्चीवर बसून मारायची. भिंतीवर त्याच्या अकरा मुंडकी आहेत. माझी किती आहेत, सांग."

एकही नव्हती. मला ते कधी जाणवलंच नव्हतं, आणि त्याचंही मला त्या क्षणी वाईट वाटलं, पण तेवढ्याने काही कमी झालं नाही.

तो सांगत गेला. यंदा दहा टोकांच्या शिंगांचा एक नर फिरत होता. शेवटचं वर्ष, आता तरी ऑर्व्हिल म्हणेल की लाइल, तू बस, असं त्याला वाटलं होतं. पण ऑगस्टात पेरणी झाल्यावर ऑर्व्हिल म्हणाला होता, यंदा ओढ्याच्या वरच्या अंगाने हाका घाल, म्हणजे तो नर सरळ माझ्यापुढे येईल. मळा गेला की म्हातारा मोसमाआधीच शहरात जाणार, हरणं आमच्या ओकच्या झाडांखाली येणार, आणि लाइल एकदाचा बसणार.

"आणि रविवारी तो ड्वेनचं नाव घेणार होता," मी म्हटलं. "ते ऐकत तू माझ्या शेजारी बाकावर बसणार होतास?"

त्याने सुरी पुन्हा उचलली. म्हणजे बसणार होता.

६

शनिवारी सकाळी मी त्याला ऑर्व्हिलकडे नेलं. सगळं मीच सांगितलं, पिंजऱ्यापासून रायपर्यंत, चाळीस वर्षांच्या हाक्यांसकट. ऑर्व्हिल ऐकत होता. नळकांड्याची बारीक सूं सूं तेवढी चालू होती.

"मला सांगायचं होतंस," तो शेवटी म्हणाला. "चाळीस वर्षांत एकदा तरी."

"तू एकदा तरी विचारायचं होतंस," लाइल म्हणाला.

दोघंही खरंच बोलत होते आणि दोघांनाही ते कळत होतं. मला वाटलं ऑर्व्हिल आता हाकलून देईल. त्याने खोकल्याची उबळ जाऊ दिली, ओठ पुसले आणि सांगितलं की बंदुकीचा मोसम सुरू झाला की लपणीतली खुर्ची तुझी. उजाडल्यापासून मावळेपर्यंत, नऊच्या नऊ दिवस. तुला हवी होती ना, बस. मला तेवढं देणं लागतोस तू.

नंतर त्याने मला ड्वेनकडे न्यायला सांगितलं. गोठ्याच्या दारात उभं राहून वीस वर्षांच्या वैऱ्याची माफी मागणं त्याला जड गेलं, मध्ये दोनदा दम लागला. ड्वेनने ऐकून घेतलं आणि मग विचारलं की मोसमात कुठे बसणार. बसायला जागाच नाही म्हटल्यावर म्हणाला, माझ्या गवताच्या माळ्यावरचं दार कुरणाकडे उघडतं, आणि वर जायला उतार आहे. कर्टिसला मी फोन केला. तो तहाला जागला.

नोव्हेंबरचे नऊ दिवस असे गेले. ऑर्व्हिल ड्वेनच्या माळ्यावर, मांडीवर घोंगडी, सोबत ड्वेन. चौथ्या दिवशी एक जाडी मादी समोर आली आणि त्याने ती एका गोळीत पाडली. मांस दोन घरांत वाटलं गेलं. लाइल मेलेल्या मळ्यासमोर त्या खुर्चीवर बसला, शिकाऱ्यांच्या नारिंगी जाकिटात, एकटा. तिथे खायला काही नव्हतं, आणि त्याच्यासाठी हाका घालायला कोणी नव्हतं. गावातल्या पोरांना रस्त्यावरून त्याचं जाकीट दिसायचं आणि ती गाडी हळू करायची. नऊ दिवसांत त्याच्यासमोर एक हरीण आलं नाही. तो दहा टोकांचा नर ट्रेंटच्या एका पाहुण्याने मारला, ज्याला तो नर कुठून आला हेही माहीत नव्हतं.

दहाव्या दिवशी कर्टिस आला. ऑर्व्हिल गाडीत बसला आणि काच खाली केली.

"खुर्ची पाठीला कशी वाटली?" त्याने लाइलला विचारलं.

"वाईट," लाइल म्हणाला.

"मलाही," ऑर्व्हिल म्हणाला. "पहिल्या दिवसापासून." आणि काच वर केली.

त्यांच्यातलं तिथे मिटलं असेल, नसेलही. माझं आणि लाइलचं मिटलं नाही. फवारा ऑर्व्हिलच्या मळ्यावर मारला होता, पण खोटं माझ्या तोंडावर बोलला होता, आणि मेलेल्या सलगमात माझ्या शेजारी उभं राहून हलकट म्हणाला होता. मी डिसेंबरात गावात बहिणीकडे, व्हर्नाकडे, राहायला गेले. दुकान तिथून जवळ पडतं, असं लोकांना सांगते.

एप्रिलमध्ये बियाण्यांची गर्दी सुरू झाली. एका सकाळी रांगेत सहावा लाइल होता, टोपी हातात. त्याचा नंबर आला. क्लोव्हरचं बी हवंय म्हणाला, तीन एकरांना पुरेल एवढं, ऑर्व्हिलच्या वळणावर पुन्हा पेरतोय.  मी पोतं वजनकाट्यावर ठेवलं, भरलं, शिवलं. पोत्याला लावायची चिठ्ठी पुढे ओढली, पेन उचललं आणि अनोळखी गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, "नाव?"

मागे चार माणसं उभी होती. लाइलने नाव सांगितलं, आणि मी ते लिहिलं.